रिपोर्टातनं गाळलेला थर्मामीटर

या वेळचं पत्र एका विद्यार्थिनीचं आहे. नाव आणि कॉलेज काढून, थोडं आखूड करून देतीय.

"ताई, मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज कोल्हापुरात, गाव करवीर तालुक्यात. या सेमिस्टरला दोन क्रेडिटचा सायन्स रायटिंगचा कोर्स होता, सोपा असणार म्हणून घेतला. तीन असाइनमेंट झाल्या. पहिली अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवावर (मावळतीचं ऊन देवीपर्यंत पोचतं तो), वीसपैकी ९. दुसरी रंकाळ्याच्या पाण्यावर, ११. तिसरी आमच्या घरच्या गुऱ्हाळावर, १४. तिन्ही कागद मॅडमनी लाल करून परत दिले. आता शेवटचं काम, 'या कोर्समधून मी काय शिकलो' यावर हजार शब्द, शुक्रवारपर्यंत. वर्गातल्या निम्म्यांनी चॅटजीपीटीवरनं काढलंय आणि सगळ्यांचं सारखंच दिसतंय. मला खरं लिहायचं तर एवढंच सुचतंय की मला लिहायला येत नाही. हेच लिहू का? की मॅडमनी किती छान शिकवलं म्हणून मस्का मारू? आणि मला पुढं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जायचंय, तिथं या सगळ्याचा काय उपयोग? सोबत तिन्ही असाइनमेंट आणि त्यांचे पहिले मसुदे पाठवतो. फोटो जरा हललेत. (आणि मी मुलगीच आहे, 'पाठवतो' वाचून गोंधळू नका, तुम्ही कोल्हापूरच्याच म्हणून लिहिलं.)"

अगं गोंधळतीय कशाला, माझी आई सत्तरीतसुद्धा दारातनं 'येतो गं' म्हणूनच बाहेर पडायची. लिहिताना मी 'येते' लिहिते, बोलताना अजून 'येतो'च निघतं तोंडातनं. ते राहू दे.

फोटो हललेत खरे, पण लाल शाई चांगली स्पष्ट दिसतीय. मी सगळ्याचे प्रिंट काढून आणले आणि हॉलमध्ये फरशीवर अंथरले, डावीकडं पहिले मसुदे, उजवीकडं शेवटचे, आणि चहा घेऊन दोन तास तिथंच बसले. त्यामुळं आता जे सांगतीय ते तुझे कागद बघून सांगतीय, हवेत नाही.

पहिलं म्हणजे 'मला लिहायला येत नाही' हे लिहू नकोस. वाईट वाटेल म्हणून नाही म्हणत मी, ते वाक्य कामाचंच नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत तू 'प्रयोग फसला' एवढंच लिहून सही घ्यायला गेलीस तर सर काय म्हणतील? कुठं फसला, ब्युरेट गळत होती का, इंडिकेटर जास्त पडला, का रीडिंग घेताना डोळा खाली होता, ते सांग म्हणतील. इथं पण तसंच आहे. लिहायला येत नाही म्हणजे नक्की कुठल्या वाक्याला पाय अडकला ते दाखव, आणि ते दाखवायला तुझ्याकडं सहा कागद आहेत. निम्म्या वर्गाकडं नसतील, त्यांनी पहिला मसुदा केव्हाच डिलीट केला असणार.

किरणोत्सव घेऊया. तुझी सुरुवात 'अनादी काळापासून मानवाला सूर्याचे आकर्षण राहिलेले आहे' अशी. बाई गं. असली वाक्यं आपण सगळ्यांनी शाळेत निबंधाला घातलीयत, मी पण घातलीयत, बाई मार्क द्यायच्या म्हणून. पुढं गरुड मंडप, घंटा, गर्दी, देवीच्या चरणांवर आलेलं सोनेरी ऊन, हे सगळं तू छान लिहिलंयस, वाचताना मला महाद्वारातला धुपाचा वास आला. आणि खाली मॅडमचा शेरा, 'वर्णन सुंदर. विज्ञान कुठंय?' मग दुसऱ्या मसुद्यात तू काय केलंस, वर्णन सगळं उडवलंस आणि कुठनंतरी क्रांतिकोनाचं (सूर्य किती उत्तर-दक्षिण सरकला ते सांगणारं) सूत्र आणून चिकटवलंस, साइन कोसाइनसकट. पहिल्या कागदावर भाविक आणि दुसऱ्यावर परीक्षेचं गाइड. मधे जो माणूस उभा आहे, ज्याला खरंच विचारायचंय की किरणं नोव्हेंबरलाही येतात आणि परत जानेवारी-फेब्रुवारीलाही येतात, असं दोनदाच का, त्याला दोन्हीकडं उत्तर नाही.

त्याला उत्तर द्यायला सूत्र लागत नाही. देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे, त्यामुळं मावळतीचं ऊन आत येणार. पण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. पावसाळा संपला की तो रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत मावळतो, २१-२२ डिसेंबरला सगळ्यांत टोकाला जातो आणि तिथनं परत फिरतो. म्हणजे जाताना ज्या जागेवरनं गेला त्याच जागेवरनं येताना जाणार, एसटी जशी त्याच स्टॉपवरनं दोनदा जाते तशी. आता बोटं मोज, ९, १०, ११ नोव्हेंबर हे दिवस त्या टोकाच्या साधारण ४१-४२ दिवस आधी येतात, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी तेवढेच दिवस नंतर. झालं. ज्यानं कोणी ते देऊळ बांधलं त्यानं ही जागा हेरली होती, एवढं लिहिलंस की वाचणारा स्वतःच्या गच्चीवर जाऊन सूर्य आज कुठल्या पाण्याच्या टाकीमागं बुडतोय ते बघायला लागेल. तुझ्या तिसऱ्या प्रयत्नात, जो तू सबमिट केलाच नाहीस पण फोटोत चुकून आलाय, त्यात कोपऱ्यात पेन्सिलनं '२२ डिसें.च्या दोन्ही बाजूला सेम अंतर??' असं लिहिलंयस. दोन प्रश्नचिन्हं. तिथं तुला कळलं होतं गं! आणि तेच तू सबमिट केलं नाहीस. हे डोक्यात ठेव, पुढं परत येणारे मी त्यावर.

रंकाळ्याचं थोडक्यात सांगते कारण तिथली चूक सगळेच करतात. 'रंकाळ्याचे पाणी प्रदूषित असल्याचे सिद्ध झाले.' कशावरनं? एक बाटली, एका दिवशीची, एका कडेची, आणि ती पण जिथं पाय न भिजवता हात पोचला तिथली. बीओडीची टेस्ट (पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते) तू नीट केलीयस, बाटली काठोकाठ भरून बंद करून अंधारात २७ अंशाला तीन दिवस ठेवली, आधीचा ऑक्सिजन आणि नंतरचा ऑक्सिजन काढला, वजाबाकी केली, त्यात काही म्हणायला जागा नाही. पण त्यातनं निघालेला आकडा त्या बाटलीचा आहे, तलावाचा नाही. म्हणून तो आकडा मी पण इथं छापत नाही, उद्या कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट फिरवेल. 'आम्ही घेतलेल्या एका नमुन्यात बीओडी इतका आला, आंघोळीच्या पाण्यासाठी तो ३ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या आत असावा लागतो' इथं थांबायचं. मॅडमनी 'सिद्ध झाले'ला गोल केलाय आणि समोर नुसतं 'हं?' लिहिलंय. मला त्या मॅडम आवडायला लागल्यात.

आणि हो, त्या दीड पानात 'करण्यात आले' आठ वेळा आहे, मी मोजलं. नमुना गोळा करण्यात आला, बाटली बंद करण्यात आली, निरीक्षण नोंदवण्यात आले. कोणी केलं गं हे सगळं? तहसीलदारांनी? सायन्सचं लिहिताना 'मी' यायला नको असं आपल्याला कोणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं असतंय आणि मग आपण सरकारी नोटिशीसारखं लिहितो. 'मी आणि माझ्या मैत्रिणीनं सकाळी साडेसातला बाटली भरली' यात काही कमीपणा नाही, उलट वेळ कळली, आणि पाण्यातला ऑक्सिजन सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा असतो, शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, त्यामुळं वेळ कळणं गरजेचंच आहे.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ताई फरशीवर बसून नुसत्या लाल पेन चालवतात. बऱ्याच वर्षांमागं मी एका दैनिकात (नाव नको) विज्ञानाचं पान बघायची. पावसाळा, पंचगंगा चढत होती. तू इथलीच आहेस, तुला सांगायला नको, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, आणि त्या दिवसांत अख्खं गाव दुसरं काही बोलत नाही. मी घाईत लिहिलं, 'राधानगरी धरणात इतके हजार क्युसेक पाणी साठले.' छापून आलं. सकाळी साडेआठला ऑफिसात फोन, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले एक गृहस्थ, आवाज एकदम शांत. म्हणाले, "बाई, क्युसेक साठत नसतंय, ते वाहतंय." बास. फोन ठेवला त्यांनी.

मला घाम फुटला होता पण त्या दिवशी मी पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले. साठतं ते टीएमसीत, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. वाहतं ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. राधानगरीचे ते सात स्वयंचलित दरवाजे आहेत ना, त्यातला एक उघडला की १४२८ क्युसेक सुटतंय असं आपण दर पावसाळ्यात वाचतो. वाचतो आणि पुढं जातो. २८.३ नं गुणून बघ, सेकंदाला चाळीस हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. आणि तरीसुद्धा त्या एका दरवाजातनं एक टीएमसी पाणी बाहेर पडायला आठ दिवस लागतात. सातही उघडले तर मिळून जवळजवळ दहा हजार क्युसेक, मग तेच एक टीएमसी साधारण २८ तासांत. हे गणित करीपर्यंत मी ते दोन्ही शब्द रोज लिहीत होते आणि मला त्यातला एकही कळत नव्हता. पुढच्या आठवड्यात पानावर चौकट टाकली, 'गेल्या आठवड्यात आम्ही चुकीचं लिहिलं, ते असं', आणि खाली टँकरचा हिशोब. त्या चौकटीला जेवढी पत्रं आली तेवढी माझ्या कुठल्या लेखाला आली नाहीत. म्हणून सांगते, चुकलेली जागा लपवायची नसते कारण वाचणारा पण बहुतेक तिथंच अडकलेला असतो.

आता तुझं गुऱ्हाळ. इथं मला जास्त बोलायचंय.

पहिला मसुदा, 'भारतीय संस्कृतीत गुळाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' मॅडमचा शेरा, 'मग?' (खरंच भारी आहेत त्या.) शेवटच्या मसुद्याची सुरुवात अशी, 'पहाटे चारला चुलवाण पेटतं. काहिलीतला रस हिरवट राखाडी असतो, प्यायला दिला तर कोणी पिणार नाही असा.' आता हे वाक्य लिहिणारीला लिहायला येत नाही असं मला सांगू नकोस. पुढं तू भेंडीचं सांगितलंयस, की भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करून तो बुळबुळीत रस काहिलीत घालतात, रस तापला की तो चिकट भाग बारीक घाण धरून वर येतो आणि मग ती मळी झाऱ्यानं काढतात. मग चुन्याची निवळी. उसाचा रस मुळात थोडा आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो, आणि आम्लात साखर उकळली की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते जास्त झालं की गूळ घट्ट बसत नाही, चिकट राहतो, रवा धरत नाही. चुना तो आंबटपणा मारतो. पण जास्त पडला की गूळ काळपट. हे सगळं तू अर्ध्या पानात बसवलंयस आणि एकही शब्द जड नाही. 'ऊस तोडून दोन दिवस पडला की आजोबा तो वेगळा काढायला लावतात, आता मला कळलं का' हे वाक्य तर मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

इथं एका ठिकाणी मात्र मी तुझ्या मॅडमच्या विरोधात आहे आणि तुला रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे त्या हजार शब्दांत, हे पण लिहिता येईल, नीट कारण देऊन. त्यांनी 'चुन्याची निवळी' खोडून 'कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे द्रावण' केलंय. का? एकदा दोन्ही सांग की, 'चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पातळ द्रावण', आणि पुढं निवळीच म्हणत राहा. उलट जिथं त्यांनी खोडायला हवं होतं तिथं खोडलं नाही. 'मळी' हा शब्द. तुमच्या गुऱ्हाळात मळी म्हणजे वर आलेली घाण. तू जिथं नोकरीला जाणार आहेस त्या साखर कारखान्यात मळी म्हणजे साखर काढून उरलेला तो काळा पाक, ज्यातनं पुढं स्पिरिट काढतात. कारखान्यातल्या माणसानं तुझा कागद वाचला तर तो म्हणेल मळी झाऱ्यानं काढतात होय, आणि रस उकळायच्या आधीच कुठनं आली? शब्द अवघड असला की आपण त्याचा अर्थ देतो, पण खरा घोळ सोपे शब्द करतात, कारण ते कळलेत असं दोघांनाही वाटत असतं. शाळेत वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान यांचं झालं होतं ना, तेच.

आणि शेवटचा परिच्छेद, ज्याला मॅडमनी बाजूला बरोबरची मोठी खूण केलीय. आजोबा गुळव्या, चाळीस वर्षांचा हात. उकळी बदलली, बुडबुडे जाड झाले, आजोबांनी थेंबभर पाक थंड पाण्यात टाकला, बोटानं गोळी केली आणि म्हणाले उतरवा. तू थर्मामीटर बघितलास, ११८. तीन आदणं (आदण म्हणजे काहिलीत एका वेळी उकळलेला रस) बघितलीस, ११८, ११७, ११८. मला हे फार म्हणजे फारच आवडलं. पाणी जाईल तसा पाक घट्ट होतो आणि घट्ट पाकाला उकळायला जास्त तापमान लागतं, म्हणजे तुझा तो ११८ पाकात पाणी किती उरलंय तेच सांगतोय, आणि आजोबांची गोळी पण तेच सांगतीय. दोघं एकाच गोष्टीचं उत्तर दोन भाषांत देतायत. आणि रंकाळ्याला एका बाटलीवर 'सिद्ध' म्हणणारी तू इथं 'तीनच आदणं बघितली, ती पण एकाच दिवशीची' असं स्वतःहून लिहितीस. कोणी सांगितलं नव्हतं. ११ चे १४ मार्क झाले ते कदाचित याच वाक्यानं, पण ते मॅडमना विचार.

आता थर्मामीटर. तुझ्या पहिल्या मसुद्याच्या मागच्या बाजूला, आडवं, घाईत लिहिलेलं सापडलं. 'कॉलेजचा थ.मी. ११० पर्यंतच. पारा टोकाला टेकला. ओढून काढला. आजोबा ओरडले. २५० चा मागायला पाहिजे.' रिपोर्टात यातलं एक अक्षर नाही! रिपोर्टात फक्त 'थर्मामीटरने तापमान मोजण्यात आले.' करण्यात आले, परत.

का गाळलंस गं हे? मला माहितीय का. लाज वाटली. केमिस्ट्रीच्या पोरीला कळू नये होय, की उकळता पाक १०० च्या वर जाणार आणि ११० चा थर्मामीटर पुरणार नाही. पण तुझा रिपोर्ट वाचून उद्या शिरोळची एखादी पोरगी तिच्या काकांच्या गुऱ्हाळात गेली तर ती पण कॉलेजातनं तोच ११० चा घेऊन जाईल, आणि तिनं वेळेत ओढून काढला नाही तर काच फुटणार, पारा पाकात, आणि अख्खं आदण टाकून द्यायला लागेल. खायच्या पदार्थात पाऱ्याचा थर्मामीटर घालूच नये खरं तर, स्टीलच्या काडीचा डिजिटल मिळतो तो न्यायचा, हे तुला २५० चा देणाऱ्यानं सांगायला हवं होतं. हे सगळं तुला त्या पहाटे कळलं आणि वाचणाऱ्याला तू कळू दिलं नाहीस.

बघ, किरणोत्सवात ती पेन्सिलची दोन प्रश्नचिन्हं होती, ती सबमिट केली नाहीस. इथं थर्मामीटर सबमिट केला नाहीस. दोन्ही ठिकाणी जिथं तुला खरंच काहीतरी कळलं, अडखळून कळलं, तेवढंच तू गाळून उरलेलं दिलंयस. तुझं रिफ्लेक्शन तिथं आहे. 'मी सोपी भाषा वापरायला शिकले, मी वाचकाचा विचार करायला शिकले' असली वाक्यं चॅटजीपीटी पण देतं, आणि चांगली देतं, व्याकरण तुझ्या-माझ्यापेक्षा बरं. पण त्याला तुझा थर्मामीटर माहीत नाही आणि आजोबा काय ओरडले ते तर अजिबात माहीत नाही. (मला पण सांगितलं नाहीस. छापण्याजोगं नसेल बहुतेक.)

लिहिताना क्रम-बिम लावत बसू नकोस. थर्मामीटरपासनं सुरू कर, काय वाटलं होतं, काय झालं, का गाळलं, आता परत लिहायचं झालं तर ते वाक्य कसं लिहिशील ते लिहूनच दाखव, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. मग तिथनं मागं रंकाळ्याकडं जा. किरणोत्सव जमला तर घे, हजार शब्द काय फार नाहीत, दोन जागा नीट दाखवल्यास तर भरतील. आणि जे अजून कळलेलं नाही ते पण येऊ दे. उदाहरण देते, तुझा २५० चा थर्मामीटर बरोबर होता का? तपासलास का? साध्या उकळत्या पाण्यात धरून बघायचा. आणि तो १०० दाखवणार नाही हं, घाबरू नकोस, कोल्हापूर समुद्रसपाटीपासनं साधारण साडेपाचशे मीटर वर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. त्यानं ९८ दाखवलं तर तुझे ११८ खरे. ९५ दाखवलं तर तुझे ११८ म्हणजे १२१. हे तपासलं नव्हतं असं लिहिलंस तर मार्क कमी होतील असं मला तरी वाटत नाही, आणि झाले तर मला कळव.

मस्का मारू नकोस. चांगली शिकवणाऱ्या बाईला मस्का लगेच कळतो. त्यापेक्षा 'मग?' या एका शेऱ्यानं काय झालं ते लिही, त्यांना पुरेल.

अजून एक, लिहून झालं की देण्याआधी कोणाला तरी वाचायला दे, पण वरचं नाव झाकून. तुझ्या मैत्रिणीला तुझं म्हणून दिलंस तर ती छानच म्हणणार. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, १९३८ साली, हे तुला माहीत असेलच. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी गोष्ट पाठवली तेव्हा ते आधीच जगभर नावाजलेले होते, आणि परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडनं लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस आलं. एवढ्या मोठ्या माणसाला आपलं लिहिलेलं नावाशिवाय उभं राहतंय का हे बघावंसं वाटलं, मग तू आणि मी बघायला काय हरकत आहे. गुऱ्हाळ कधी न बघितलेल्या कोणालातरी दे, शहरातल्या एखाद्या पोरीला, आणि ती जिथं थांबेल तिथं पेन्सिलनं टिंब करायला सांग. काही समजावून सांगू नकोस तिला, नुसती टिंबं बघ.

राहिला साखर कारखाना. उपयोग काय म्हणतीस. माझा मामेभाऊ एका कारखान्याच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं होता. गळीत हंगामात तीन शिफ्ट, लॅब रात्रभर चालू, दर ठरावीक तासांनी रसाचा ब्रिक्स, पोल, प्युरिटी (रसात विरघळलेलं किती, साखर किती, आणि त्या विरघळलेल्यात साखरेचा वाटा किती) काढून रजिस्टरला. एकदा रात्रपाळीच्या पोरानं एका नोंदीपुढं शेरा लिहिला, 'रीडिंग जरा वेगळं आलं, परत घेतलं, ठीक.' बास. पहिलं किती आलं होतं ते नाही, कशामुळं वेगळं वाटलं ते नाही, परत म्हणजे तोच नमुना की नवा ते नाही. सकाळच्या शिफ्टला उतारा (उसातनं निघालेल्या साखरेचं प्रमाण) का घसरला म्हणून वरनं विचारणा आली आणि हा मामेभाऊ त्या 'ठीक' कडं बघत बसला, पोरगं घरी जाऊन झोपलेलं, फोन बंद. तीन तास गेले. त्या पोराला केमिस्ट्री येत होती, तुझ्याइतकीच येत होती. पहिलं रीडिंग त्यानं लिहिलं नाही कारण ते चुकलेलं वाटलं, आणि चुकलेलं कोण लिहून ठेवतंय.

शुक्रवार म्हणजे तीन दिवस आहेत. आज फक्त ते थर्मामीटरचं पान लिही, बाकीचं उद्या. आणि मला एक गोष्ट हवीय जी तुझ्या रिपोर्टात नाही, आजोबांना विचार की ती पाण्यातली गोळी बोटाला कशी लागली म्हणजे ते उतरवा म्हणतात. मऊ, टणक, ताणतीय, का कडेला मारल्यावर टक्कन वाजतीय? त्यांच्याच शब्दांत लिहून घे. त्यांना नाही सांगता आलं तर तसं लिही.